अपवाद आणि प्रत्युदाहरण

सभेत वाद रंगात आला, की कोणी तरी गृहस्थ "आमच्याकडे असे कधीही झालेले नाही" असे ठासून सांगतो. त्यावर दुसरा एखादी जुनी गोष्ट काढून "अमुक साली झाले होते की!" असे दाखवून देतो. अशा वेळी पहिल्या गृहस्थाने काय करावे? सरळ मार्ग असा, की आपले विधान चुकले हे मान्य करून ते मागे घ्यावे. परंतु हा सरळ मार्ग धरणारा मनुष्य मला तरी देवळाच्या सभामंडपात, संस्थांच्या बैठकीत किंवा न्यायालयात क्वचितच भेटला. बहुतेक जण किंचित हसून म्हणतात, "तो अपवाद. आणि अपवादाने नियम सिद्धच होतो." ह्या वाक्यावर सभेतील माना डोलतात, ज्याने ती जुनी गोष्ट काढलेली असते तो ओशाळून खाली बसतो आणि सभा पुढील विषयाकडे वळते. हे वाक्य मी स्वतःही वापरलेले आहे, इतकेच नव्हे तर त्याबद्दल फीही घेतलेली आहे. तो प्रसंग पुढे सांगणारच आहे. त्याआधी, ज्या शास्त्रात हे वाक्य उच्चारण्याची सोयच नाही त्या शास्त्राकडे वाचकांनी माझ्याबरोबर थोडे यावे. ते शास्त्र म्हणजे गणित. मी कायद्याचा पदवीधर, गणिताचा नव्हे. तेव्हा जे सांगणार आहे ते शाळेत वर्ग आणि गुणाकार शिकलेल्या कोणालाही पडताळून पाहता येईल एवढेच आहे.

कोणतीही पूर्ण संख्या घ्यावी, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवावी आणि वर आणखी ४१ मिळवावेत. शून्य घेतले तर ४१ येतात, एक घेतला तर ४३, दोन घेतले तर ४७, तीन घेतले तर ५३, चार घेतले तर ६१. ह्या सर्व मूळ संख्या होत. म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः ह्यांवाचून दुसऱ्या कशानेही त्यांना भाग जात नाही. दहा घेऊन पाहावे, १५१ येतात. तीही मूळ संख्या. एकोणचाळीस घ्यावे, १६०१ येतात. तीही मूळ संख्या. शून्यापासून एकोणचाळीसपर्यंत एकूण चाळीस वेळा हा प्रयोग यशस्वी होतो. व्यवहारात चाळीस वेळा खरा ठरलेला मनुष्य आपण सावकारीच्या तिजोरीवर बसवू. परंतु चाळीस ही संख्या घेताच उत्तर १६८१ येते, आणि १६८१ म्हणजे एकेचाळीस गुणिले एकेचाळीस. "ह्या रीतीने नेहमी मूळ संख्याच मिळते" हे विधान तेथे संपले. ते चाळीस भाग खरे आणि एक भाग खोटे असे कोणी गणिती म्हणणार नाही. ते खोटे आहे, एवढेच तो म्हणेल.

गंमत अशी, की हे मोडणे मुळी हिशेब न करताही दिसावयास हवे होते. चाळीसचा वर्ग आणि त्यात चाळीस म्हणजे चाळीस गुणिले एकेचाळीस. त्यात आणखी एकेचाळीस मिळविले की एकेचाळीस गुणिले एकेचाळीस होणारच. परंतु चाळीस यशांनी डोळ्यांवर झापड आली, की समोरचे दिसत नाही. हा अनुभव गणितापुरताच आहे असे मला वाटत नाही.

ही रीत १७७२ साली ज्याने मांडली तो लेओन्हार्ड ऑयलर हा अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ गणिती. ती सर्वत्र चालते असा दावा त्याने केला नव्हता. तो इतका कच्चा नव्हता. किंबहुना दुसऱ्याचा असाच एक दावा त्यानेच मोडला होता. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फेर्मा ह्याने ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी एक माळ ओवली होती. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यावयाचा आणि त्यात एक मिळवावयाचा, अशी तिची घडण. हे पाचही मणी मूळ संख्यांचे निघाल्याने पुढचे सर्वही तसेच असणार, असा त्याचा विश्वास होता. फेर्मा व्यवसायाने आमच्याच पंथातला, तुलूझच्या न्यायसभेचा सभासद. पाच साक्षीदार एकसारखे बोलले की निकाल लिहावयास घेण्याची खोड त्याला तेथेच लागली असावी, अशी मला आपली शंका आहे. १७३२ साली ऑयलरने सहावा मणी हाती घेतला. ४,२९,४९,६७,२९७ ही ती संख्या. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे त्याने दाखविले. माळ तुटली. त्यापुढच्या ज्या ज्या मण्यांचा निकाल आजवर लागलेला आहे त्यांत एकही मूळ संख्या निघालेली नाही.

परंतु ऑयलर स्वतः अशाच एका ठिकाणी घसरला, आणि तेथून त्याला खाली उतरविण्याच्या कामात आपल्यापैकी एका मराठी माणसाचा हात होता. ही कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

उत्सवात सुवारी वाजविण्यासाठी गावातील तीन वाड्यांवरून नऊ वादक आले आहेत असे समजू. वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा प्रत्येक वाड्यावरचा एक घुमटवाला, एक शामेळवाला, एक कांसाळेवाला. त्यांना तीन रांगांत तीन-तीन असे उभे करावयाचे आहे. अट अशी, की कोणतीही आडवी रांग घ्या किंवा उभी रांग घ्या, तीत तिन्ही वाडे असले पाहिजेत आणि तिन्ही वाद्येही असली पाहिजेत. पहिल्या रांगेत वरचा घुमट, मधला शामेळ, खालचा कांसाळे; दुसरीत मधला कांसाळे, खालचा घुमट, वरचा शामेळ; तिसरीत खालचा शामेळ, वरचा कांसाळे, मधला घुमट. वाचकांनी कागदावर मांडून पाहावे, अट पुरी होते. चार वाडे आणि चार वाद्ये घेतली तरी ती पुरी करता येते, पाचांचीही येते. दोहोंची मात्र येत नाही. सहा वाडे, सहा वाद्ये, छत्तीस वादक घेतले तर?

ऑयलरने हाच प्रश्न सहा पलटणींतील सहा दर्जांच्या छत्तीस लष्करी अधिकाऱ्यांविषयी विचारला. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात त्याने नमूद केले, की पुष्कळ खटपट करूनही अशी रचना जमत नाही. तेथेच थांबता तर बरे होते. परंतु दोन जमत नाहीत, सहा जमत नाहीत, तेव्हा दहा, चौदा, अठरा, बावीस अशा, चाराने भागिले असता दोन उरतात त्या, कोणत्याही संख्येची रचना जमणार नाही, असा कयास त्याने मांडला. पुढे १९०० च्या सुमारास गास्ताँ तारी ह्या फ्रेंच गृहस्थाने सहाच्या सर्व शक्यता चिकाटीने तपासून काढल्या आणि सहाची रचना खरोखरच अशक्य आहे हे सिद्ध केले. झाले! कयासाला बळ आले. तो सर्वत्र खरा असल्याच्या सिद्धताही काहींनी छापल्या. त्या सदोष निघाल्या, परंतु विधान आपल्या जागी राहिले. पावणेदोनशे वर्षे राहिले.

१९५९ साली ते पडले. ते पाडणारे तिघे: राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर. बोस १९०१ साली होशंगाबादला जन्मलेले, श्रीखंडे १९१७ साली सागरला. म्हणजे दोघेही आजच्या मध्य प्रदेशातले. श्रीखंड्यांचे शिक्षण नागपुरास झाले, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोसांच्या हाताखाली १९५० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले, आणि २०२० साली वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी ते निवर्तले. बोस आणि श्रीखंडे ह्यांनी बावीसची रचना करून दाखविली. पार्करने दहाची केली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले, की दोन आणि सहा ह्या दोन संख्या वगळल्या तर ऑयलरने अशक्य म्हटलेली प्रत्येक रचना शक्य आहे. न्यूयॉर्कच्या प्रमुख दैनिकाने ही वार्ता २६ एप्रिल १९५९ रोजी पहिल्या पानावर छापली. बृहन्महाराष्ट्रातल्या एका गावी जन्मलेल्या मराठी गणितज्ञाचे नाव ह्या कामासाठी तेथे झळकावे, ह्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच.

बावीसची रचना ज्या दिवशी कागदावर उतरली त्या दिवशी ऑयलरच्या एखाद्या भक्ताला म्हणता आले असते, "हा अपवाद. सहा पाहा, दोन पाहा, नियम कसा पक्का आहे!" गणितात तसे कोणी म्हणाले नाही, म्हणून पुढचा शोध लागला. आणि पुढचा शोध काय होता? ज्याला अपवाद म्हणून बाजूला सारावयाचे तोच नियम होता, आणि ज्याला आपण नियम समजत होतो तेच दोन चुकार अपवाद होते! ऑयलरने पाहिलेली दोन्ही उदाहरणे खरी होती. ती गोळा करण्यात त्याने काही लबाडी केली नव्हती. लहान संख्या आधी भेटतात आणि मोठ्या उशिरा, एवढेच घडले.

उदाहरणांच्या राशीला ह्या शास्त्रात किती किंमत आहे हे पाहावयाचे असेल तर आणखी एक दाखला देतो. प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडता येते. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन, असे तीन अवयव. अवयवांची संख्या सम की विषम ह्यावरून संख्यांचे दोन गट पडतात; एकाला अवयव नाही, म्हणून तो सम गटात. एकापासून मोजत निघाले, तर दोनाच्या पुढे कोठेही थांबा, सम गट विषम गटाहून मोठा झालेला आढळणार नाही, असा कयास जॉर्ज पोल्या ह्याने १९१९ साली मांडला. तो खोटा असल्याचे हेसलग्रोव्ह ह्याने १९५८ साली सिद्ध केले, आणि तो प्रथम नेमका कोठे मोडतो ते १९८० साली कळले: ९०,६१,५०,२५७ ह्या संख्येशी. म्हणजे नव्वद कोटींहून अधिक वेळा, एकदाही न चुकता, हे विधान खरे ठरत होते. आणि तरी ते खोटे होते. आमच्या एखाद्या देवस्थानात एखादी प्रथा तीनशे वर्षे चालत आलेली असेल तर तिच्या मागे तीनशे उत्सवांचा दाखला असतो. नव्वद कोटींपुढे तीनशे म्हणजे काय ते वाचकच ठरवोत.

येथे एक उलटी चूकही होते, तिच्याकडे लक्ष वेधून पुढे जातो. "सर्व" ह्या विधानाचा मोड झाला म्हणजे "काही नाहीत" एवढेच सिद्ध होते; "एकही नाही" हे सिद्ध होत नाही. बोस-श्रीखंड्यांच्या शोधानंतरही सहाची रचना अशक्य ती अशक्यच राहिली. एक पुजारी लोभी निघाला तर "सर्व पुजारी निःस्पृह असतात" हे विधान पडले. "पुजारी तेवढे लोभी" हे उभे राहिले नाही. परंतु आपली रीत अशी, की आपल्या माणसांविषयीच्या स्तुतीला शंभर प्रत्युदाहरणे मिळाली तरी ती अपवाद, आणि परक्या माणसांविषयीच्या निंदेला एक उदाहरण मिळाले की तो सिद्धान्त!

आता "अपवाद" ह्या शब्दाकडेच वळू. हा शब्द आपल्याकडे व्याकरणशास्त्रातून आलेला, आणि त्या शास्त्रात त्याला काटेकोर अर्थ आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग. त्याचे क्षेत्र एखाद्या ठिकाणी आकुंचित करणारा विशेष नियम तो अपवाद. म्हणजे अपवाद हाही नियमच, आणि तो सूत्रकाराने स्वतः, आधी, तोंडाने सांगितलेला असतो. लॅटिनमधील ज्या विधिवचनावरून "अपवादाने नियम सिद्ध होतो" हे वाक्य सर्वत्र पसरले त्याचाही मूळ अर्थ हाच आहे. सिसरो ह्या रोमन वकिलाने इ. स. पूर्व ५६ मध्ये बाल्बस नामक अशिलाच्या बचावात केलेल्या युक्तिवादात त्याचे मूळ दाखवितात: तहनाम्यात काही जमाती नाव घेऊन वगळल्या असतील, तर न वगळलेल्यांना मोकळीक आहे असे समजावे. देवळाच्या दारावर "सोमवारी दुपारी दर्शन बंद" अशी पाटी असेल तर इतर दिवशी दुपारी दर्शन आहे हे त्या पाटीवरून सिद्ध होते. अपवादाने नियम सिद्ध होतो तो असा, सांगितलेल्या अपवादाने. पाटी नसताना दार बंद आढळले, तर त्यावरून दार नेहमी उघडे असते हे कोणत्या न्यायाने सिद्ध व्हावे?

जे आधी सांगितलेले नसते, मागाहून कोणी तरी शोधून पुढे ठेवते, त्याला वैयाकरणांनी वेगळा शब्द ठेवलेला आहे: प्रत्युदाहरण. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकेसारख्या वृत्तींत उदाहरणांच्या पाठोपाठ प्रत्युदाहरणे येतात. सूत्रात अमुक पद कशासाठी, असा प्रश्न करावयाचा. ते पद नसते तर नको त्या ठिकाणी नियम लागू झाला असता, असे एखादे ठिकाण दाखवावयाचे. नियमाला कोणती अट हवी हे प्रत्युदाहरण शिकविते.

नैयायिकांनीही हीच वाट वेगळ्या बाजूने चोखाळली आहे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती सर्वांच्या परिचयाची. ती उलटी करून "जेथे अग्नी तेथे धूर" असे कोणी म्हणू लागला, तर अन्नंभट्टाच्या परंपरेत शिकलेला विद्यार्थी ताबडतोब लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्याच्यापुढे ठेवतो. अग्नी आहे, धूर नाही. ह्या दोषाला न्यायशास्त्रात व्यभिचार म्हणतात. सोवळ्या वाचकांनी दचकू नये, शब्दाचा येथे अर्थ नियम सोडून जाणे एवढाच. परंतु नैयायिक तेथे थांबत नाही. तो विचारतो, मग इतर ठिकाणी अग्नीबरोबर धूर का दिसत होता? उत्तर मिळते: तेथे ओले सरपण होते. हा ओल्या सरपणाचा संबंध म्हणजे उपाधी, आजवर कोणाच्या ध्यानात न आलेली अट. लोखंडाच्या गोळ्याने खोटे विधान मोडले, त्याबरोबरच खऱ्या विधानाची वाटही दाखविली.

गणितात नेमके असेच घडत आलेले आहे. पेटीच्या आकाराची घनाकृती घेतली तर तिला आठ कोपरे, बारा कडा आणि सहा पृष्ठे. कोपऱ्यांतून कडा वजा करून पृष्ठे मिळविली की दोन उरतात. पिरॅमिड घ्या, लोलक घ्या, दोनच. हे सर्व घनाकृतींना लागू आहे अशी समजूत होती. मग देवाच्या तसबिरीला असते तशी, कोपऱ्यांवर तिरकी जोडलेली लाकडी चौकट कोणी पुढे केली: सोळा कोपरे, बत्तीस कडा, सोळा पृष्ठे. उत्तर शून्य! एकोणिसाव्या शतकात ह्यावर बराच काथ्याकूट झाला. चौकट ही घनाकृतीच नव्हे, ती एक विकृती आहे, तिला वगळा, अशीही सूचना झाली. व्याख्या ऐन वेळी आवळून विधान वाचविण्याची ही युक्ती आम्हा वकिलांना अपरिचित नाही. परंतु अखेर ज्यांनी चौकटीकडे आदराने पाहिले त्यांनाच दिसले, की मधून आरपार जाणारे भोक ही खरी गोम आहे, आणि किती भोके असता किती उरेल ह्याचाही नियम आहे. आकृतींचे एक अख्खे शास्त्र त्या भोकातून बाहेर आले.

आता माझा प्रसंग. एका देवस्थानच्या महाजनांच्या वतीने मी एका दाव्यात उभा होतो. गाव आणि देव ह्यांची नावे सांगण्याचे कारण नाही. वादी गावातल्याच खालच्या वाड्यावरचे. जत्रेच्या रात्री पालखीला खांदा देण्याचा आपलाही हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. मुखत्यारांनी दिलेल्या माहितीवरून मी कैफियत लिहिली आणि तीत स्वतःच्या हाताने एक वाक्य घातले: "अमुक अमुक घराण्यांखेरीज अन्य कोणीही कधीही पालखीस खांदा दिलेला नाही." असे वाक्य कागदावर भारदस्त दिसते. पुढे वाद्यांच्या अर्जावरून देवस्थानच्या जुन्या वह्या न्यायालयात हजर कराव्या लागल्या. त्यांत मोडीत लिहिलेली एक नोंद निघाली. पटकीच्या साथीमुळे महाजन मंडळी गाव सोडून गेली होती, त्या साली पालखी खालच्या वाड्यावरच्या माणसांनी फिरविली, आणि त्यांना शिधा म्हणून तांदूळ आणि नारळ दिल्याचा खर्च पडला होता.

मी काय केले असेल ते सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल. तो आपत्तीचा प्रसंग होता, तो अपवाद होय, आणि अपवादाने नियम सिद्ध होतो, असे मी सांगितले. दावा फेटाळला गेला. एका प्रसंगावरून रूढी सिद्ध होत नाही, ती प्राचीन, अखंड आणि निश्चित असावी लागते, ह्या तत्त्वावर तो फेटाळला गेला, आणि निकाल कायद्याला धरून होता असे मला आजही वाटते. बाहेर ओसरीवर वाद्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, "वकीलबाब, जाणें खांदो दिलो तो म्हजो पणजो. ताका तुमी ‘कोणूच न्हय’ कशें म्हणटात?"

मला उत्तर सुचले नाही. न्यायालयात सुचले असते.

रूढीविषयीचे विधान हे गणितातल्यासारखे विधान नव्हे, हे मला ठाऊक आहे. माणसांच्या व्यवहारात "बहुधा", "सामान्यतः", "अडचण नसेल तर" असे म्हणूनच चालावे लागते, आणि तसल्या विधानाला एका उलट उदाहरणाने बाध येत नाही. पावसाळ्यात छत्री घेऊन निघावे हा नियम एका कोरड्या दिवसाने मोडत नाही. माझी तक्रार माझ्याविरुद्ध आहे ती ही, की मी "बहुधा" लिहिले नव्हते. मी "कोणीही कधीही" लिहिले होते, कारण त्या शब्दांचे वजन मला हवे होते. प्रत्युदाहरण पुढे आले तेव्हा मी हळूच "बहुधा"च्या आडोशाला गेलो, आणि धोका टळताच पुन्हा "कधीही"च्या गादीवर येऊन बसलो. हल्ला करताना "सर्व" आणि बचाव करताना "बहुतेक", हा दुटप्पीपणा गणिताच्या पाटीवर एक क्षणही टिकत नाही. कारण तेथे जे लिहिले तेच बोलावे लागते. तो नोंदीचा कागद मान्य करून "पटकीचे वर्ष वगळता" एवढे शब्द मला कैफियतीत घालता आले असते. तेव्हा तो खरा अपवाद झाला असता, सांगितलेला अपवाद. आणि दावा बहुधा तरीही फेटाळला गेला असता.

मग ते शब्द घालावयास मी का कचरलो? ह्याचा विचार करताना ती नोंद मी पुन्हा वाचली, ह्या वेळी वकिलाच्या नजरेने नव्हे. तिच्यात एक गोष्ट नव्हती. खालच्या वाड्यावरच्या माणसांनी पालखीला खांदा दिला त्यानंतर कसली शुद्धी केल्याचा, कोणा भटजीला त्यासाठी दक्षिणा दिल्याचा एक पैचाही खर्च त्या पानावर पडलेला नव्हता, पुढच्या पानावरही नव्हता. शिधा दिला, तोही इतर मानकऱ्यांना देतात तसाच. ज्या महाजनांनी परत आल्यावर त्या वहीवर सह्या केल्या त्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. म्हणजे ओले सरपण वेगळेच होते. "हीच घराणी खांदा देण्यास पात्र आहेत" हा त्या गावाचा नियम नव्हता. "ही घराणी हजर असली तर खांदा ती देतात" हा होता. दोन्ही नियमांखाली दोनशे वर्षे पालखी सारखीच फिरेल आणि पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. तो कळला एका वर्षामुळे, आणि ते वर्ष मी अपवाद म्हणून बाजूला ठेवावे असे न्यायालयाला विनवीत होतो. त्या एका नोंदीत गावाची जी समजूत लिहिलेली होती ती माझ्या पक्षकारांच्या आजच्या समजुतीहून उदार होती, आणि मला वाटते, देवालाही ती अधिक जवळची असावी.

गणिती ह्या बाबतीत आमच्याहून श्रेष्ठ असतात अशी माझी भाबडी कल्पना नाही. त्यांनाही अभिमान असतो, गट असतात. परंतु बावीसची रचना पाहून श्रीखंडे कोण, कुठले, ऑयलरविरुद्ध बोलण्याचा त्यांचा अधिकार काय, असे विचारण्याची तेथे सोय नव्हती. कागद पुढे होता, ज्याला शंका असेल त्याने रांगा मोजून पाहाव्यात. आमच्याकडे आधी माणूस मोजतात.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका देवस्थानाने उत्सवाच्या मानपानाचे नियम नव्याने लिहून देण्याचे काम माझ्याकडे दिले. चिटणिसांनी आपल्या परीने मसुदा तयार करून आणला होता. त्यात तिसऱ्याच कलमात "अन्य कोणासही कधीही" असे शब्द होते. मी त्यांच्याखाली रेघ मारली आणि म्हटले, "आधी जुन्या वह्या आणा, सगळ्या आणा, साथीच्या वर्षांच्या विशेषेकरून." ते म्हणाले, "त्यांची काय गरज, वकीलसाहेब? आमच्याकडे असे कधी झालेलेच नाही."

वह्या अद्याप आलेल्या नाहीत.